सामाजिक विशेषाधिकार आणि सर्वांना सामावणारा वर्ग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिक्षकांच्या प्रशिक्षणात, पालकसभेत, स्टाफरूममध्ये हा विषय निघाला की फिरून फिरून तेच प्रश्न येतात. काही शंकेने विचारलेले असतात, काही रागाने, काही अगदी मनापासून. मी बरीच वर्षं वर्गात शिकवते आहे आणि यातले बहुतेक प्रश्न कधी ना कधी मलाही पडले आहेत.

सामाजिक विशेषाधिकार म्हणजे नेमकं काय?

लिहायची फळी जोडलेली खुर्ची तुम्ही पाहिली असेल. परीक्षेच्या हॉलमध्ये असते ती. फळी उजव्या हाताला असते. उजव्या हाताने लिहिणारा त्या खुर्चीवर बसतो, पेपर लिहितो, उठून जातो. खुर्चीकडे त्याचं लक्षही जात नाही. डावखुऱ्या मुलाला मात्र अंग पिळून, कोपर अधांतरी ठेवून तीन तास काढावे लागतात. दहातला साधारण एक जण डावखुरा असतो. खुर्ची बनवणाऱ्याच्या मनात त्यांच्याविषयी आकस नव्हता. ते त्याच्या डोळ्यांसमोर आलेच नाहीत, एवढंच.

विशेषाधिकार असाच असतो. आपण न कमावलेली, न मागितलेली सोय, जी आपण ज्या गटात जन्मलो त्यामुळे आपल्याला मिळते आणि मिळते आहे हे कळतसुद्धा नाही. जात, वर्ण, लिंग, धर्म, भाषा, पैसा, शरीराची क्षमता, घरातलं शिक्षण अशा कितीतरी गोष्टींमुळे ती मिळू शकते.

कृष्णवर्णीय अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी 1935 मध्ये अमेरिकेतल्या गोऱ्या मजुरांबद्दल लिहिलं, की पगार तुटपुंजा असला तरी गोरेपणामुळे मिळणारा मान ही त्यांची जणू वेगळी, मनाला मिळणारी मजुरी होती. पुढे 1988 मध्ये अमेरिकेतल्याच वेलस्ली कॉलेजमधल्या पेगी मॅकिंटॉश यांनी गोरी बाई म्हणून स्वतःला रोज काय काय आयतं मिळतं याची यादीच केली. मला ती पद्धत आवडते, कारण दुसऱ्याकडे बोट दाखवण्याऐवजी त्यांनी स्वतःचा दिवस तपासला.

ही कल्पना बाहेरून आणलेली नाही का?

शब्द अलीकडचा आहे, विचार आपल्याकडे नवा नाही. 1882 मध्ये ब्रिटिश सरकारने शिक्षणाच्या पाहणीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा जोतीराव फुल्यांनी नेमकं यावरच बोट ठेवलं होतं. सरकारच्या तिजोरीत पैसा येतो तो कष्टकरी रयतेच्या घामातून, आणि शिक्षणावर तो खर्च होतो तो मात्र वरच्या वर्गांच्या मुलांवर, असं त्यांचं म्हणणं होतं. निदान बारा वर्षं वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी मागणीही त्यांनी केली. सोय कुणाच्या जिवावर उभी राहते आणि कुणाच्या वाट्याला येते, हा प्रश्न त्यांनी विचारला त्याला आता जवळजवळ दीडशे वर्षं होतील.

विशेषाधिकार म्हणजे श्रीमंतीच ना?

नाही. पैसा हा त्यातला एक भाग झाला. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्दिए यांनी ‘सांस्कृतिक भांडवल’ अशी कल्पना मांडली. घरात पुस्तकं असणं, प्रमाणभाषा कानावर पडलेली असणं, मोठ्यांशी न घाबरता बोलायची सवय, कुणाला काय विचारायचं याची जाण हे सगळं भांडवलच आहे. बँकेत नसलं तरी शाळेत ते वटतं. दोन मुलींच्या घरची मिळकत सारखी असली, तरी एकीची आई पदवीधर आणि दुसरीच्या घरात शाळेची पायरी चढलेली ती पहिलीच, असं असेल तर त्या दोघींची शाळा सारखी नसते.

शिवाय एकच माणूस एका बाजूने सोयीत आणि दुसऱ्या बाजूने अडचणीत असू शकतो. अमेरिकन कायदेतज्ज्ञ किंबर्ली क्रेनशॉ यांनी 1989 मध्ये अमेरिकेतल्या एका खटल्यावरून हे फार नेमकं दाखवलं. एका कारखान्यात कृष्णवर्णीय पुरुषांना काम होतं, गोऱ्या स्त्रियांनाही होतं. मग कृष्णवर्णीय स्त्रियांवर अन्याय झाला हे कोर्टाला दिसेचना, कारण वर्णभेद आणि लिंगभेद हे कोर्टाने वेगवेगळ्या कप्प्यांत टाकले होते. वर्गातही असंच घडतं. ‘मुली’ मागे पडतात का हे आपण पाहतो, ‘दिव्यांग’ मुलं मागे पडतात का हेही पाहतो, आणि दिव्यांग मुलगी दोन्ही तक्त्यांतून निसटून जाते.

मी तर खस्ता खाऊन शिकलो. मला कसला विशेषाधिकार?

हा प्रश्न दुखावलेल्या मनातून येतो, म्हणून घाईने उत्तर देऊ नये असं मला वाटतं. तुमचे कष्ट खरे आहेत. ते कुणी नाकारत नाही आणि कुणी नाकारूही नयेत. विशेषाधिकार म्हणजे आयुष्यात त्रासच नव्हता असं नाही. अमुक एका कारणामुळे तो त्रास झाला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करून मोठं होणं ही मोठीच गोष्ट आहे. पण रात्री त्या दिव्याखाली मुलगा बसू शकला, त्याच घरातली त्याची बहीण बसू शकली असती का, हा प्रश्न मुलाच्या कष्टांना कमी लेखत नाही. त्याच्या कष्टांइतकेच कष्ट करायला तयार असलेल्या बहिणीची आठवण तेवढी करून देतो.

शाळेत हे दिसतं कुठे?

माझ्या वर्गातलीच गोष्ट सांगते. सूर्यमालेची प्रतिकृती करून आणा, असा प्रकल्प मी दिला होता. एका मुलाने मोटरवर फिरणारी, दिवे लावलेली प्रतिकृती आणली. सगळा वर्ग बघत राहिला. एका मुलीने वर्तमानपत्राच्या कागदाचे गोळे करून ते पुठ्ठ्यावर चिकटवले होते. रंगही नव्हता, नुसता खडूने नावं लिहिलेला पुठ्ठा. मी त्याला दहापैकी दहा दिले आणि हिला सहा.

पुढच्या आठवड्यात साफसफाई करताना तिचा पुठ्ठा हातात आला, तेव्हा कडेला पेन्सिलीने मांडलेली आकडेमोड दिसली. गुरूचा व्यास पृथ्वीच्या साधारण अकरापट असतो. तिने दोऱ्याने मोजून गुरूचा गोळा बरोबर त्या मापाचा केला होता, आणि पृथ्वी मण्याएवढी. शनीची मापंही जुळत होती. त्या झगमगत्या प्रतिकृतीत पृथ्वी आणि गुरू एकाच आकाराचे चेंडू होते. मी गुण विज्ञानाला दिले नव्हते. घरात मोटर जोडून देणारं माणूस आहे की नाही, याला दिले होते. मी तिला बोलावून चूक कबूल केली, गुण बदलले. तिने मान हलवली आणि जाऊन जागेवर बसली. त्या दिवसापासून माझ्या वर्गातले प्रकल्प वर्गातच होतात, शाळेच्याच सामानातून.

ही एकच जागा नव्हे. शाळा काही गोष्टी शिकवते आणि काही गोष्टी शिकवत नाही, पण त्या मुलांना येतात असं धरून चालते. प्रश्न विचारायला हात कसा वर करायचा, समजलं नाही तर सरांकडे जायचं असतं, अर्ज कसा लिहायचा, स्पर्धेची माहिती कुठे मिळते, शिष्यवृत्तीचा फॉर्म कधी भरायचा, ‘थोडक्यात लिहा’ म्हणजे किती ओळी. घरात कुणी शिकलेलं असलं की हे सगळं आपोआप कळतं. माझ्या मते विशेषाधिकार शाळेत सर्वांत जास्त काम करतो तो इथेच: जे शिकवलं जात नाही पण तपासलं जातं, त्या जागेत.

मग सगळ्यांना सारखंच वागवलं की झालं, नाही का?

सारखं वागवणं ही सुरुवात आहे. पण फळ्यापासून सर्वांना सारख्याच अंतरावर बसवलं, तरी ज्याची नजर अधू आहे त्याला फळा दिसत नाही. समानता म्हणजे सर्वांना तेच देणं. समता म्हणजे सर्वांना शिकता येईल असं देणं. त्या मुलाला पुढच्या बाकावर बसवलं म्हणून बाकीच्यांचं काही हिरावलं जात नाही.

आमच्या शाळेत सर्वांना प्रवेश आहे. हाच समावेश ना?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना शाळेत प्रवेश मिळाला होता. त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे, की वर्गात त्यांना एका कोपऱ्यात वेगळ्या गोणपाटावर बसावं लागे, आणि तो गोणपाट रोज संध्याकाळी घरी न्यावा लागे, कारण शाळा झाडणारा नोकर त्याला हात लावत नसे. तहान लागली तर नळ सोडायला शिपाई लागे. शिपाई नसला की पाणी नाही. पटावर नाव होतं, हजेरी लागत होती, आणि मूल वर्गाबाहेरच होतं.

म्हणून प्रवेश आणि समावेश हे वेगळे शब्द जपून वापरावेत. 1994 मध्ये स्पेनमधल्या सालामांका इथे 92 सरकारांचे आणि 25 आंतरराष्ट्रीय संघटनांचे प्रतिनिधी जमले होते. त्यांच्या जाहीरनाम्याचा गाभा असा, की मुलाने शाळेला जुळवून घ्यायचं नाही, शाळेने मुलांना जुळवून घ्यायचं. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराच्या (2006) चोविसाव्या कलमात सर्वसमावेशक शिक्षण हा हक्क म्हणून आला. उपकार किंवा सवलत म्हणून नव्हे. ‘आम्ही त्यालाही घेतलं’ हे वाक्य स्टाफरूममध्ये अजून ऐकू येतं. ‘घेतलं’ म्हणणारा यजमान असतो, आणि ते मूल पाहुणं. पाहुण्याला घरात हक्काने कपाट उघडता येत नाही.

माझ्या मनात कुणाबद्दल काही नाही. मग माझ्याकडून भेदभाव कसा होईल?

मनात काही नसतानाही होतो. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट रोझेन्थाल आणि शाळेच्या मुख्याध्यापिका लेनोर जेकबसन यांनी 1968 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शिक्षकांना काही मुलांची नावं दिली आणि सांगितलं की ही यंदा चमकणार. नावं खरं तर चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडली होती. वर्षाअखेर पहिली-दुसरीतल्या त्या मुलांची बुद्ध्यंक चाचणीत इतरांपेक्षा जास्त प्रगती दिसली. या अभ्यासावर पुढे बरीच टीका झाली, परिणाम वाटला तेवढा मोठा नसतो हेही पुढे आलं. तरी शिक्षकाची अपेक्षा मुलापर्यंत पोचते, एवढं वर्गात उभं राहणाऱ्या कुणालाही पटेल.

भारतात रेमा हॅना आणि ली लिंडन या अर्थशास्त्रज्ञांनी केलेला एक प्रयोग मला जास्त अस्वस्थ करतो. उत्तरपत्रिका त्याच, फक्त त्यांच्यावर लिहिलेली मुलाची जात, वय, लिंग ही माहिती बदलून त्या शिक्षकांकडून तपासून घेतल्या. ‘खालच्या’ मानलेल्या जातीचं नाव असलं की गुण थोडे कमी पडले. आणि हा फरक मुख्यतः त्याच जातींतून आलेल्या शिक्षकांच्या तपासणीत दिसला. म्हणजे पूर्वग्रह ही कुणा एका गटाची मक्तेदारी नाही. ज्याने तो सोसला, त्याच्याही लाल पेनात तो उतरतो.

यावर उपाय साधा आहे: उत्तरपत्रिकेवर नाव नको, क्रमांक हवा. आणि एकेक पेपर संपवण्यापेक्षा आधी सगळ्यांचा पहिला प्रश्न तपासावा, मग दुसरा.

वर्गात सुरुवात कुठून करू?

थांबण्यापासून. हे मी फार आग्रहाने सांगते, कारण याला पैसा लागत नाही, परवानगी लागत नाही. विज्ञानशिक्षणाच्या अमेरिकन अभ्यासक मेरी बड रो यांनी 1970च्या सुमाराला वर्गांतली ध्वनिमुद्रणं तपासली, तर प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबत होते. हा वेळ तीन सेकंदांच्या वर नेला की उत्तरं लांबली, जास्त मुलं बोलू लागली, ‘माहीत नाही’ कमी झालं. त्यांना आणखी एक गोष्ट दिसली: हुशार मानलेल्या मुलांसाठी शिक्षक जास्त थांबत होते. ज्याला वेळ हवा त्याला कमी, ज्याला नको त्याला जास्त.

मी स्वतः एक आठवडा वहीच्या मागच्या पानावर खुणा करून ठेवल्या: कुणाचं नाव घेतलं, किती वेळा. एका मुलाच्या नावापुढे सतरा खुणा झाल्या. अकरा मुलांच्या नावापुढे एकही नव्हती. सतरावाला पहिल्या बाकावरचा, सगळ्यांशी हसून बोलणारा. ज्या अकरांच्या पुढे कोरं होतं, त्यांच्यातल्या दोघांची नावं मला आठवून लिहावी लागली होती. तुम्हीही एकदा हे करून पाहा. आकडा कुणाला दाखवायची गरज नाही.

त्यानंतर गटकामाकडे वळा, पण ‘चार-चारचे गट करा’ एवढं सांगून सोडू नका. तसं केलं की मैत्रीचे आणि वस्तीचे गट पडतात, त्यात बोलका मुलगा बोलतो आणि एक मुलगी सगळ्यांसाठी लिहून देते. 1971 मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात कृष्णवर्णीय, मेक्सिकन वंशाची आणि गोरी मुलं पहिल्यांदाच एका वर्गात आली आणि भांडणं वाढली, तेव्हा मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरनसन यांनी ‘जिगसॉ’ पद्धत आणली. धड्याचे पाच-सहा तुकडे करायचे. गटातल्या प्रत्येकाला एकच तुकडा द्यायचा. तो वाचून, दुसऱ्या गटांतल्या त्याच तुकड्याच्या मुलांशी बोलून पक्का करायचा आणि मग आपल्या गटाला शिकवायचा. प्रत्येकाला सगळ्या तुकड्यांची गरज असते, त्यामुळे जे मूल अडखळत बोलतं त्याचं बोलणं नीट ऐकल्याशिवाय इतरांचं भागत नाही. पहिले दोन-तीन तास गोंधळ होतो. सोडून देऊ नका.

आणि न लिहिलेले नियम फळ्यावर लिहा. ‘उत्तरात कारण द्या’ म्हणजे काय, हे एक चांगलं आणि एक अपुरं उत्तर शेजारी-शेजारी मांडून दाखवा. शंका विचारायची वेळ ठरवून सांगा, कारण ‘कधीही विचारा’ हे ज्यांना विचारायची सवय आहे त्यांच्यासाठीच खरं असतं.

लहान लहान गोष्टी बऱ्याच आहेत. मुलाचं नाव त्याच्या घरी उच्चारतात तसं उच्चारा. शिष्यवृत्तीच्या मुलांना भर वर्गात उभं करू नका. फॉर्मवर ‘वडिलांची सही’ऐवजी ‘पालकांची सही’ असू द्या.

सगळ्यांना सोबत घेतलं तर दर्जा घसरतो का?

फूटपाथच्या कडेला केलेला उतार आठवा. तो व्हीलचेअरसाठी केला गेला. आज त्यावरून बाळाची गाडी ढकलणारी आई जाते, चाकांची बॅग ओढणारा प्रवासी जातो, गुडघे दुखणारे आजोबा जातात. शिक्षणातही हेच तत्त्व वापरून ‘युनिव्हर्सल डिझाइन फॉर लर्निंग’ ही पद्धत उभी राहिली. एकच आशय वाचून, ऐकून, हाताळून समजून घेता यावा आणि समजलेलं लिहून, बोलून किंवा करून दाखवता यावं, अशी आखणी आधीच करायची. एका मुलासाठी सूचना मोठ्या अक्षरांत फळ्यावर लिहिल्या, तर त्यांचा उपयोग नेहमी सूचना विसरणाऱ्या दहा जणांना होतो. शिकण्याचं उद्दिष्ट खाली आणायचं नाही, तिथे जायच्या वाटा वाढवायच्या. यात शिक्षकाचं काम वाढतं हे खरं आहे, आणि मोठ्या वर्गात एकट्या शिक्षकावर हे टाकून मोकळं होणं हा शिक्षकावर अन्याय आहे. मदतनीस, साधनं आणि तयारीचा वेळ शाळेनेच द्यायला हवा.

‘पुढे या, मागे जा’ हा खेळ मुलांसोबत घ्यावा का?

‘घरात स्वतंत्र खोली आहे? एक पाऊल पुढे,’ असा तो खेळ. शाळकरी मुलांसोबत घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. शेवटी मागे उरलेलं मूल सगळ्यांसमोर एकटं उभं असतं, आणि पुढच्यांनी धडा शिकावा म्हणून त्याची गरिबी वापरली जाते. 1968 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी आयोवातल्या शिक्षिका जेन एलियट यांनी तिसरीच्या मुलांना डोळ्यांच्या रंगावरून श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवून वागवलं होतं. मुलं काही तासांत एकमेकांशी क्रूर वागू लागली. प्रयोग गाजला, पण लहान मुलांना असं दुखवण्याचा आपल्याला हक्क आहे का, हा वाद तेव्हापासून चालूच आहे. शिकवायचंच असेल तर काल्पनिक पात्रं घ्या, प्रत्येकाला एकेका पात्राची चिठ्ठी द्या. बोलणं तितकंच मोकळं होतं आणि कुणाचं घर उघडं पडत नाही.

पुस्तकांचं काय?

बालसाहित्याच्या अमेरिकन अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी 1990 मध्ये म्हटलं, की पुस्तकं मुलांसाठी आरसा असतात आणि खिडकीही. आरशात मूल स्वतःला पाहतं, खिडकीतून दुसऱ्यांचं जग. वर्गातल्या कपाटाकडे त्या नजरेने पाहा. काही मुलांना सगळे आरसेच मिळतात, काहींना सगळ्या खिडक्याच. दोघांचंही नुकसान होतं.

माझ्या मुलाला सगळं मिळालं आहे. त्याला अपराधी वाटावं असं मला वाटत नाही.

वाटूही नये. अपराधीपणाने मूल एक तर गप्प होतं, नाही तर चिडतं. त्याने जे केलं नाही त्याची लाज त्याला कशाला? त्याला बघायला शिकवा. ‘तुझ्या वर्गात मधल्या सुट्टीत एकटं कोण बसतं?’ एवढं विचारा आणि उत्तर ऐकून घ्या. ‘मग तू त्याच्याशी खेळ’ असं लगेच म्हणू नका, दया दाखवायला पाठवलेलं मूल दुसऱ्या मुलाला लगेच कळतं. आणि घरात तुम्ही घरकामाला येणाऱ्या ताईंशी, रखवालदाराशी कसं बोलता, कोण कोणत्या कपातून पाणी पितं, हे मूल रोज पाहतं.

एका मुलाने दुसऱ्याला जातीवरून, रंगावरून चिडवलं. काय करायचं?

त्याच वेळी थांबवा, सगळ्यांना ऐकू जाईल असं: ‘या वर्गात हे चालणार नाही.’ लांब भाषण नको. मग ज्याला लागलं त्याच्याकडे आधी जा, एकट्याकडे. त्याला काय हवं आहे ते विचारा. जबरदस्तीने हात मिळवायला लावू नका, तो देखावा मोठ्यांच्या समाधानासाठी असतो. चिडवणाऱ्याशी नंतर बसून बोला, त्याने हा शब्द कुठे ऐकला ते शोधा. ‘मुलं आहेत, चालायचंच’ असं म्हणून सोडलं, तर सोसणाऱ्या मुलाला कळतं की मोठ्यांनाही हे मान्य आहे. आणि त्या मुलाने उलट हात उचलला म्हणून दोघांना सारखीच शिक्षा, हे तर करूच नका.

काही बदलतंय, हे कसं ओळखायचं?

निकालाच्या तक्त्यात ते उशिरा दिसतं. त्याआधी दुसरीकडे दिसतं. शंका कोण विचारतं, सहलीच्या बसमध्ये कोण कुणाशेजारी बसतं, पालकसभेत मागे उभे राहणारे पालक खुर्चीवर बसतात का, गॅदरिंगच्या यादीत नवी नावं येतात का. त्या पुठ्ठ्यावाल्या मुलीने वर्षाच्या शेवटी एकदा हात वर केला आणि म्हणाली, ‘बाई, तुम्ही फळ्यावर काढलेली पृथ्वी मोठी झाली आहे.’ मी डस्टर तिच्या हातात दिलं, आणि तिने ती पुसून पुन्हा काढली.